पावसाआधी फ्लूची लस: यंदा किती चालेल हे आधी कळतं का?

फोंड्याची_सून
सासरे ७४ वर्षांचे, दमा आहे. डॉक्टर म्हणाले, पाऊस लागायच्या आधी फ्लूची लस घेऊन टाका. तयारही झाले होते. पण नणंद इंग्लंडात स्विंडनला असते, तिने फोनवर सांगितलं की तिकडे २०२५-२६ च्या हिवाळ्यात मोठ्या माणसांना लसीचा उपयोग तीस-चाळीस टक्केच झाला. झालं! आता म्हणतात, "एवढे पैसे टाकून निम्मंसुद्धा काम नाही, त्यापेक्षा चांगली इसवण (सुरमई) आण." यंदाची लस किती चालेल हे बनवणाऱ्यांना आधी कळत नाही का? कळत असेल तर सांगत का नाहीत?

निवृत्त_लॅबवाला
माझी सगळी नोकरी लॅबमध्ये गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

नणंदेचा आकडा खरा, पण अर्धाच. ब्रिटनच्या त्याच सुरुवातीच्या पाहणीत मुलांमध्ये तो ७० ते ७५ टक्के होता. आणि हे टक्के इस्पितळ गाठायची पाळी किती जणांची टळली याचे आहेत, साध्या सर्दीचे नव्हेत.

लसीत कुठले विषाणू घालायचे ते ठरवायला जागतिक आरोग्य संघटनेची माणसं वर्षातून दोनदा बसतात: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. पुढे लस तयार व्हायला सहाएक महिने, कारण बरीचशी अजून कोंबडीच्या अंड्यांतच वाढवतात. तेवढा वेळ विषाणू काही मांडी घालून बसत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत निवड झाली आणि मागाहून एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराची 'के' शाखा वर आली.

लसीतला विषाणू बाहेरच्याशी जुळतो का याची पारख कशी होते तेही ऐका. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला लसीतल्या विषाणूची लागण करतात, त्याच्या रक्तातला सीरम, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारं पाणी, दुप्पट-दुप्पट पातळ करत प्लेटच्या खळग्यांत घालतात. त्यात विषाणू, वर तांबड्या पेशी. सीरमने विषाणूला अडवलं तर पेशी तळाला लाल ठिपका होऊन बसतात, प्लेट तिरपी केली की ठिपका ओघळतो. नाही अडवलं तर पेशी जाळीसारख्या पसरून राहतात. ठिपका कुठल्या खळग्यापर्यंत दिसतो ते मोजायचं. नव्या विषाणूसमोर आकडा आठपट घसरला की समजायचं, लसीतला आणि बाहेरचा आता एक राहिले नाहीत.

पण तो फेरेट कोरा असतो. तुमच्या सासऱ्यांच्या अंगात लहानपणापासूनच्या प्रत्येक फ्लूची खूण आहे. शिवाय अंड्यात वाढताना विषाणू थोडा बदलतो तो वेगळाच. म्हणून प्लेटवरून माणसांचे टक्के निघत नाहीत. अमेरिकेत २०१४-१५ ला एच३एन२ ने रूप बदललं आणि लसीचा परिणाम १९ टक्क्यांवर आला.

आता संगणकवाले उतरलेत. कुठली शाखा पुढच्या वर्षी फोफावेल याचं गणित लुक्शा आणि लेसिग या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये मांडलं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी 'वॅक्ससीअर' नावाचं सॉफ्टवेअर आणलं. ते शाखेची वाढ आणि त्या प्लेटवरचा आकडा, दोन्ही आधी सांगू बघतं. जुन्या दहा हंगामांवर पडताळलं तेव्हा एच३एन२ साठी नऊ वेळा त्याची निवड संघटनेपेक्षा सरस ठरली. जुन्या हंगामांवर, बरं का. मला स्वतःला ते आशेचं वाटतं, पण माणसांतले टक्के तेही देत नाही. ते हंगाम सुरू झाल्यावरच निघतात, मग आधी सांगणार कुठून?

भाटातला_माड
मी गेल्या वर्षी घेतली होती. तरी चवथीला तापाने आडवा! गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायलासुद्धा उठलो नाही. सगळं थोतांड.

निवृत्त_लॅबवाला
तो ताप फ्लूचाच होता हे तपासलं होतं का? त्या दिवसांत आमच्याकडे डेंगीही असतो, आणखी दहा विषाणू असतात. टक्के काढताना ताप-खोकल्याने आलेल्यांची तपासणी करतात. फ्लू निघाला ते एकीकडे, नाही निघाला ते दुसरीकडे, आणि दोन्हीकडे लस घेतलेले किती ते बघतात. तपासणीच नाही तर तुम्ही कुणीकडचे, कसं ठरवायचं?

म्हापशाची_फार्मसीवाली
ताई, काउंटरवरून सांगते, टक्के सोडा, बॉक्स बघा. आमच्याकडे फ्लू पावसात चढतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये दक्षिण गोलार्धाची ताजी लस घ्यायची. तिच्यावर एकच वर्ष असतं. उत्तरेच्या लसीवर २०२५-२६ अशी जोडी. उत्तरेचा उरलेला बॉक्स कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. अंगात जोर यायला दोन आठवडे लागतात, म्हणजे जूनची वाट बघत बसलात तर वरातीमागून घोडं.

आणि चारऐवजी तीन विषाणूंची मिळाली म्हणून भांडू नका. त्या चारातला बी-यामागाता हा विषाणू मार्च २०२० नंतर कुठे सापडलेलाच नाही, म्हणून तो काढला.

फोंड्याची_सून
वाचून दाखवलं. फेरेटचं दोनदा वाचायला लावलं! घेतो म्हणतात. दम्याचा पंप चालू आहे, तो बंद करावा लागेल का?

म्हापशाची_फार्मसीवाली
नाही हो. पंप अजिबात बंद करू नका. इंजेक्शनची लस मेलेल्या विषाणूची असते. फक्त त्या दिवशी अंगात ताप असेल तर उतरल्यावर न्या, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवा.