मदत हवी आहे: वजनं, पळणं आणि रविवारचा सिंहगड एका आठवड्यात कसं बसवायचं?

वय 44, वजन 83 किलो, मुक्काम पुणे, दिवसभर खुर्चीतलं काम. तिशीपर्यंत बऱ्यापैकी पळायचो, रविवारचा सिंहगड ठरलेला असायचा. मग नोकरी, मुलगी, करोना, घरून काम... पुढचं सांगायला नको. दिवाळीनंतर जिम लावली आहे. तपासण्या झाल्यात, डॉक्टरांची हरकत नाही, तेव्हा 'आधी डॉक्टरांना विचारा' हा प्रतिसाद कृपया वाचवा.

घोळ असा की जिममधला ट्रेनर म्हणतो, फक्त वजनं मारा, कार्डिओनं (पळणं, चढणं वगैरे दमाच्या व्यायामानं) मसल जळतो. पळणारा मित्र म्हणतो, जिम सोड, नुसता पळ, ढेरी आपोआप उतरेल. दोघंही तब्येतीनं खणखणीत, त्यामुळे कुणाला खोटं पाडायची सोय नाही. मी आपलं दोन्ही सुरू केलं: सोमवारी वरच्या अंगाची वजनं, मंगळवार-गुरुवार पळणं, शुक्रवारी पाय (स्क्वॉट, लंजेस), रविवारी गड.

गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून चढताना धाप लागते, ते समजू शकतो. पण उतरताना मांड्या अक्षरशः लटलटतात. गेल्या खेपेला दह्याची मडकी घेऊन वर निघालेल्या एक मावशी थांबून म्हणाल्या, "दादा, बसा जरा कडेला." बसलो!

तर विचारायचं हे की वजनं आणि कार्डिओ एकाच दिवशी आले तर आधी काय करावं? कार्डिओनं खरंच मसल जातो का? आणि पायांचा दिवस कुठे टाकू? मला बॉडीबिल्डर व्हायचं नाही. गड न थांबता चढून धडपणे उतरता आला तरी पुरे. जाणकारांनी सांगावं, आगाऊ धन्यवाद.

टेकडीवाला:
तुमच्या ट्रेनरचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. 1980 साली रॉबर्ट हिक्सन यांनी 10 आठवड्यांचा एक प्रयोग केला होता. नुसती वजनं, नुसता दमसासाचा व्यायाम आणि दोन्ही, असे तीन गट. दोन्ही करणाऱ्यांची ताकद आधी छान वाढली, शेवटच्या काही आठवड्यांत मात्र अडकली आणि घसरली. पण त्या गड्यांचा रतीब बघा: वजनं आठवड्यातून 5 दिवस आणि दमसास 6 दिवस! तुमच्या-माझ्यासारख्या, बऱ्याच वर्षांनी परतलेल्या माणसाला त्याची चिंता नको. या टप्प्यावर ताकद आणि दम दोन्ही एकदम वाढतात. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा दोन्ही करा असंच सांगते: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि किमान 2 दिवस स्नायूंचा.

एकाच दिवशी आलं तर पाच-दहा मिनिटं अंग गरम करून आधी वजनं, मग कार्डिओ. दमलेल्या पायांनी स्क्वॉट मारले की कंबर वाकडी होते, दुखणं तिथून सुरू होतं. सकाळ-संध्याकाळ विभागता आलं तर उत्तमच.

शेंगदाणा:
खरी गोम शुक्रवारात आहे. सवय नसलेल्या व्यायामानं अंग आंबतं ते लगेच नाही, साधारण 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त. शुक्रवारी सकाळी लंजेस, म्हणजे रविवारी सकाळी बरोबर 48 तास. आणि उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, ब्रेक दाबून गाडी उतरवावी तसा. आंबलेल्या मांडीला नेमकं तेच काम दिलंत तर ती लटलटणारच. पाय मंगळवारी हलवा. सोबत पायरीवरून एकेक पाय सावकाश खाली टेकवायचा सराव करा, हातात काही न घेता. उतरायची ताकद तिथे येते.

पळण्याचा वेग म्हणाल तर बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपतच.

अवांतर: नाश्त्याला काय खाता? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबानं साधारण माणसालासुद्धा किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुम्हाला 69 ग्रॅमच्या आसपास. वजनं मारणाऱ्याला त्याहून जास्त. नुसत्या पोहे-चहावर ते जमायचं नाही. मटकीची उसळ, अंडी, पनीर, काहीतरी वाढवा.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. पोह्यांबद्दल कसं कळलं तुम्हाला? :) पाय मंगळवारी, पळणं बुधवार आणि शुक्रवार असं करतो. पण मग बुधवारी सकाळी आंबलेल्या पायांनी पळायचं का?

शेंगदाणा:
नाही. बुधवारी अर्धा तास चाला किंवा हलकी सायकल मारा. पळणं गुरुवारी. शुक्रवारी वरचं अंग, शनिवारी सुट्टी. आणि सोमवारी गड अंगात असतोच, त्या दिवशी जिमकडे फिरकू नका.