मदत हवी आहे: नवऱ्याच्या सीएफटीआर रिपोर्टमध्ये दोन बदल सापडलेत, माझी कोणती तपासणी करून घ्यावी?

लग्नाला चार वर्षं झाली. मूल होत नाही म्हणून दोघांच्या तपासण्या झाल्या. माझं सगळं ठीक निघालं. नवऱ्याच्या वीर्यात मात्र एकही शुक्राणू नाही. वीर्य कमी, आम्लधर्मी, आणि त्यात फ्रुक्टोज नाही. डॉक्टरांनी हाताने तपासून सांगितलं की दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या जन्मापासूनच नाहीत. शुक्राणू अंडकोषात तयार होतात, पण त्यांना बाहेर यायला वाटच नाही. सुईने काढून इक्सी (प्रयोगशाळेत एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणं) करता येईल म्हणाले. इथपर्यंत आम्ही सावरलो होतो.

मग जनुकीय तपासणी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलंय: सीएफटीआर जनुक, एफ५०८डेल एका प्रतीत, पॉली-टी ५टी/९टी, ५टीच्या जोडीला टीजी१२. समजावून सांगायला दहा मिनिटं मिळाली, त्यात 'सिस्टिक फायब्रोसिसचं जनुक' हे शब्द तीनदा आले आणि माझं पुढचं ऐकणंच बंद झालं. घरी येऊन वाचत बसले तर फुप्फुसं निकामी होणं, स्वादुपिंड, लहान मुलं, ऑक्सिजन. माझा नवरा रोज पळायला जातो. त्याला कधी न्यूमोनिया झालेला नाही, लहानपणापासून सायनसचा त्रास तेवढा आहे. त्याला हा आजार आहे की नाही? तो दोन दिवस काहीच बोललेला नाही, कागद घडी घालून खिशात ठेवलाय.

आणि माझा खरा प्रश्न: इक्सीच्या आधी माझीही तपासणी करा म्हणाले. 'साधं पॅनेल पुरे' की पूर्ण जनुक वाचून घ्यायचं? फरक काय पडतो? कुणी यातलं जाणकार असेल तर कृपया सविस्तर लिहा. मला वाचायला वेळ आहे, समजून घ्यायचंय.

प्रतिसाद १

ताई, मी मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करते, असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. उपचारांचा सल्ला डॉक्टरच देतील, कागदावर काय लिहिलंय ते मी सांगते.

हे जनुक १९८९ साली सातव्या गुणसूत्रावर सापडलं. त्यापासून १४८० अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं, आणि ते पेशीच्या पृष्ठभागावर क्लोराइड आणि बायकार्बोनेट ये-जा करू देणारी वाहिनी म्हणून काम करतं. ती वाहिनी श्वसनमार्गात आहे, पचनमार्गात आहे, घामाच्या ग्रंथींत आहे आणि प्रजननमार्गातही. म्हणून एकाच जनुकाचा बिघाड इतक्या ठिकाणी दिसतो: पाणी आणि क्षार नीट सुटले नाहीत की स्राव घट्ट होऊन नळ्या तुंबतात.

एफ५०८डेल म्हणजे तीन अक्षरं गळाली, त्यामुळे ५०८व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल गेलं. प्रथिनाची घडी चुकते आणि पेशी ते पृष्ठभागावर पोचण्याआधीच मोडून टाकते. हा बदल गंभीर आहे, पण जनुकाच्या दोन प्रतींपैकी (एक आईकडून, एक वडिलांकडून) तो एकाच प्रतीत आहे. दुसरी प्रत बरी असती तर ते नुसते वाहक असते, म्हणजे स्वतः आजारी नाही, पण बदल मुलांना देऊ शकणारे.

५टी वेगळ्या जातीचा बदल. प्रथिनाचा मजकूर जिथे जोडला जातो, तिथे टी अक्षरांचा एक पट्टा (पॉली-टी) असतो, कुणाचा ५ लांब, कुणाचा ७, कुणाचा ९. पट्टा आखूड असला की पेशीची कापून जोडणारी यंत्रणा पुढचा एक्झॉन (प्रथिनाच्या मजकुराचा एक तुकडा) अधूनमधून वगळून टाकते आणि ते प्रथिन निकामी होतं. अधूनमधून, नेहमी नाही. पट्ट्याआधी टीजीची पुनरावृत्ती जितकी जास्त, तितकी ही गळती जास्त. ११ असेल तर परिणाम सौम्य, १२ किंवा १३ असेल तर जास्त. तुमच्याकडे १२ आहे. तरी थोडं चांगलं प्रथिन बनतंच. फुप्फुसांना सहसा तेवढं पुरतं, शुक्रवाहिनीला पुरत नाही. तिच्या पेशींत ही गळती श्वसनमार्गातल्या पेशींपेक्षा जास्त होते, असं अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे धावणारा, ठणठणीत माणूस आणि शुक्रवाहिन्या नसणं, हे एकत्र जमतं.

त्यांना सिस्टिक फायब्रोसिस आहे का, हे जनुकाचा कागद एकटा ठरवत नाही. घामाची टेस्ट करून घ्या. क्लोराइड ३० मिलिमोलपेक्षा कमी आलं तर शक्यता फार कमी, ६० किंवा जास्त आलं तर निदान पक्कं, मधलं आलं तर पुढे तपासावं लागतं. छातीच्या डॉक्टरांकडूनही एकदा तपासून घ्या. सायनसचं त्यांना आवर्जून सांगा, ते यात बसतं.

धागाकर्ती

इतकं कुणी समजावलं नव्हतं. मनापासून आभार. एक शंका: दोन्ही बदल एकाच गुणसूत्रावर असू शकतात ना? तसं असेल तर एक प्रत पूर्ण चांगली उरते. मग शुक्रवाहिन्यांचं कारण वेगळंच निघेल?

प्रतिसाद १

अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. रिपोर्टमध्ये ५टी/९टी लिहिलंय. एफ५०८डेल जवळजवळ नेहमी ९टीसोबतच येतो. म्हणजे ९टी त्याच्या बाजूचा आणि ५टी समोरच्या गुणसूत्रावरचा, असं मानायला आधार आहे. खात्री हवी असेल तर तुमच्या सासूसासऱ्यांची तपासणी करा: एकाकडून एफ५०८डेल, दुसऱ्याकडून ५टी आलेला दिसला की प्रश्न मिटला. मूत्रपिंडांची सोनोग्राफी झालीय का? एक मूत्रपिंड नसेल, तर कारण बहुतेक वेळा सीएफटीआर नसतं, म्हणून विचारते.

आता तुमची तपासणी. पॅनेल म्हणजे ठरलेल्या बदलांची यादी. ती यादी मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांवरून बनलेली असते आणि त्यांच्यात एफ५०८डेल सुमारे ७०% सदोष प्रतींत सापडतो. पण या जनुकात २००० हून जास्त बदल नोंदलेले आहेत. पॅनेलमध्ये 'काही नाही' आलं तर यादीतलं काही नाही, इतकाच त्याचा अर्थ. नवऱ्याकडे आधीच गंभीर बदल असताना मी तरी पूर्ण जनुक वाचायला सांगेन, आणि मोठे तुकडे गळालेत किंवा दुप्पट झालेत का, तेही त्यात येतंय ना हे विचारेन. पॉली-टीबद्दल वेगळं विचारा. ५टी निरोगी लोकांतही पुष्कळ सापडतो, म्हणून साध्या वाहक तपासणीत बऱ्याचदा तो कळवतच नाहीत.

तुमच्यात काही सापडलं नाही तर प्रत्येक मूल एका बदलाचं वाहक असेल, कारण नवऱ्याच्या दोन्ही प्रती बदललेल्या आहेत, पण ते आजारी पडण्याची शक्यता फारच कमी. तुमच्यात गंभीर बदल निघाला तर दर गर्भधारणेला चारात एक शक्यता सिस्टिक फायब्रोसिसची, चारात एक नवऱ्यासारख्या जोडीची, आणि उरलेल्या दोन वाहकाच्या. तेव्हा गर्भ रुजवण्याआधी त्याची जनुकीय तपासणी करता येते. म्हणूनच हे सगळं आधी करायचं, इक्सीची घाई नको.

प्रतिसाद २

मी तुमच्या नवऱ्याच्याच जागी होतो. माझ्याकडेही ५टी आणि दुसरा एक बदल. घामाचं क्लोराइड मधल्या पट्ट्यात आलं, तेव्हापासून दरवर्षी फुप्फुसांची फुंकण्याची टेस्ट करतो, आजवर व्यवस्थित. त्यांना एवढंच सांगा की ही वाट जन्माआधीच बंद झालेली असते. त्यांच्या हातून काही चुकलेलं नाही. मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं, पहिलं वर्ष मी स्वतःलाच कोसत काढलं. आणि भावंडं असतील तर त्यांनाही कळवा. सख्ख्या भावाला हीच जोडी मिळण्याची शक्यता चारात एक असते, बहीण वाहक असू शकते, म्हणून तिलाही हे माहीत असण्याचा उपयोग आहे.

धागाकर्ती

दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. 'हातून काही चुकलेलं नाही' वर तो थांबला, म्हणाला, परत वाच. नंतर खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला.

मूत्रपिंडं दोन्ही आहेत, जुनी सोनोग्राफी होती घरात. घामाच्या टेस्टची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली. माझं रक्त आज दिलं. त्यांनी पॅनेलचाच फॉर्म पुढे केला होता, मी पूर्ण जनुक, मोठी गळती-दुप्पट आणि पॉली-टी असं लिहूनच दिलं, तेव्हा बदलून घेतला. तीन आठवडे लागतील म्हणाले. दिराला रविवारी सांगणार आहोत, नवरा स्वतः बोलणार आहे. रिपोर्ट आला की इथेच लिहीन.