उतारवयात श्रद्धा प्रगल्भ होते, की केवळ घट्ट होते?

कोथरूडकर
माझे वडील आयुष्यभर सोवळ्याओवळ्याचे कडक होते. परंतु ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी पूजा आटोपशीर केली आणि ज्या कामवाल्या बाईंना पूर्वी देवघराच्या उंबऱ्याबाहेर थांबावे लागे, त्यांच्याच हातून ते देवाची तुळस घेऊ लागले. नामस्मरण मात्र कमी न होता वाढले. अमेरिकी अभ्यासक जेम्स फाउलर यांनी १९८१ साली श्रद्धेच्या विकासाचे सहा टप्पे मांडले. त्यांतील पाचवा, म्हणजे परस्परविरोधी सत्ये एकत्र बाळगता येण्याचा टप्पा, मध्यमवयाआधी क्वचितच येतो असे त्यांचे म्हणणे होते. वडिलांकडे पाहून मला ते पटते. वय श्रद्धेतला कर्मठपणा झिजवते आणि तिच्यातली नीती उरवते, असे माझे ठाम मत आहे.

पर्वतीची पायरी
मी पूर्णपणे असहमत आहे. त्याच फाउलर यांनी हेही नोंदवले आहे की, अनेक प्रौढ माणसे तिसऱ्या टप्प्यावरच, म्हणजे आपल्या समूहाने दिलेल्या विश्वासांवरच, कायमची थांबतात. आमच्या सोसायटीत निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यानंतर व्रतवैकल्ये वाढलेली आणि त्याबरोबर भाडेकरूची जात विचारण्याची सवयही वाढलेली मी पाहिली आहे. मृत्यूच्या भीतीला आपण प्रगल्भता म्हणू नये. ज्यांचा विचार उतारवयात खरोखर पुढे गेला, त्यांचा तो आधीपासूनच चालू होता: महर्षी कर्वे यांनी १९४४ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, मानवी समतेच्या प्रसारासाठी समता संघ काढला, पण त्यामागे अर्धशतकाहून अधिक काळाचे काम होते.

निवृत्त शिक्षिका
आपण दोघेही शिडीच्या पायऱ्या मोजत आहात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांची नैतिक विकासाची टप्प्याटप्प्यांची शिडी प्रामुख्याने मुलग्यांच्या अभ्यासावर उभी होती आणि ती न्यायाची तत्त्वे मोजत होती, असा आक्षेप मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये घेतला. जबाबदारी आणि काळजी यांतूनही नीती घडते, हा त्यांचा मुद्दा. माझ्या सासूबाईंनी तत्त्वांवर कधी वाद घातला नाही, परंतु शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींना तीन वर्षे रोज संध्याकाळी भरवले. त्यांना कोणत्या पायरीवर बसवायचे?

कोथरूडकर
पर्वतीकरांच्या मुद्द्याला एक उदाहरण जोडतो, कारण ते मला दोन्ही बाजूंनी वाचता येते. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर महात्मा फुले यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिले. ते १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. एकाच घरात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असावा आणि कोणीही कोणाचा द्वेष करू नये, ही कल्पना त्यात आहे. तिच्यामागे आयुष्यभराचा संघर्ष आहे, हे मान्यच. परंतु निर्मिकावरील, म्हणजे सृष्टिकर्त्यावरील, श्रद्धेची इतकी मोकळी मांडणी त्यांनी अखेरच्या आजारपणात केली, हेही दुर्लक्षण्याजोगे नाही.

आता शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाकडे येतो. मी वडिलांची हकिगत अर्धीच सांगितली होती. मांडीचे हाड मोडून ते चार महिने अंथरुणावर होते, आणि आम्ही नोकरीवर गेलेले असताना त्याच कामवाल्या बाई त्यांना दुपारी भरवत आणि त्यांची कूस बदलत असत. तुळस त्यांच्या हातून घेणे त्यानंतर सुरू झाले. मी ते वयाच्या खात्यावर जमा केले होते, आणि ते बरोबर नव्हते.