ताटलीजवळ गेलं की शेपूटही हलवतो आणि गुरगुरतोही

रानजाई:
दीड वर्षाचा देशी कुत्रा आहे. नसबंदी झालीय, रेबीजची लस वेळेवर. एरवी पायांत लोळतो, पण जेवताना कोणी जवळ गेलं की भराभर गिळतो आणि गुरगुरतो. शेपूट तेव्हाही हलत असते! घरात चार वर्षांची मुलगी आहे. सासरे म्हणतात, ताटलीत हात घालून सवय लावा.

उंबरठा:
आधी सासऱ्यांचा हात वाचवा. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, असं नसतं. खुशीत कमरेपासून मागचं सगळं अंग वळवळतं. रागात अंग ताठ आणि शेपटीचं टोक तेवढं तुटक, भरभर हलतं. देशी कुत्र्यांची शेपूट मुळातच वर वळलेली असते, त्यामुळे ती किती वर आहे यावर जाऊ नका. त्याच्या रोजच्या ठेवणीपेक्षा काय बदललं ते बघा.

त्यापेक्षा तोंड बघा. मान ताटलीवर झुकलेली, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोकं न वळवता तो नुसत्या डोळ्यांनी तुमच्याकडे बघतो. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. चावण्याआधी बऱ्याचदा क्षणभर सगळं थांबतं: चघळणं, शेपूट, सगळं. तसा गोठला की तिथूनच हळूच मागे या.

खारीक:
आणि मानेवरचे केस उभे राहिले की हल्ला नक्की ना?

उंबरठा:
नाही. ते आपल्या अंगावर काटा येतो तसं. भीतीनेही होतं, नुसत्या खेळाच्या भरातही.

बाभूळकाटा:
गुरगुरला म्हणून रागावू नका. ती सूचना आहे. मार खाऊन गुरगुरणं बंद होतं, राग नाही. मग एक दिवस आवाज न करता चावतो. ताटलीत हात घातला, ती काढून घेतली, तर माणूस आला की जेवण जातं हेच त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

उलटं करा. किती अंतरावरून तो तुमच्याकडे लक्ष न देता शांत खातो ते पाहा. सहा-सात फूट धरा. तिथून उकडलेल्या बोनलेस चिकनचा नखाएवढा तुकडा ताटलीशेजारी टाका आणि मागे फिरा. एका जेवणात पाच-सहा वेळा. ताटलीत दहीभात असेल तर तुकडा त्याहून भारीच हवा, नाहीतर फुकट. चार-पाच दिवस निवांत गेले की अर्धा फूट पुढे. घास भराभर गिळायला लागला की एक फूट मागे. इथे घाई नडते.

मुलीला यात घेऊ नका. तो जेवेल तेव्हा दार बंद. आणि हे अचानक सुरू झालं असेल तर आधी दात, कान डॉक्टरांना दाखवा. दुखणारा कुत्राही असाच वागतो.

रानजाई:
काल मुलीच्या बोटाला दात नुसता घासला. रक्त नाही, बारीक ओरखडा आहे.

उंबरठा:
आत्ताच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना काही नको. कुत्र्याला लस आहे म्हणून थांबू नका, आजच डॉक्टरांकडे न्या. ओरखड्यालाही इंजेक्शनं घ्यावी लागतात.