मदत हवी आहे : 'द लॉटरी'मधल्या टेसीबद्दल

शर्ली जॅक्सन यांची 'द लॉटरी' (1948) ही कथा काल वाचली आणि रात्रभर झोप लागली नाही. गावकरी दरवर्षी चिठ्ठ्या काढतात, ज्याची निघते त्याला दगडांनी ठेचतात. छोट्या डेव्हीच्या हातात कुणीतरी खडे देतं, तेही त्याच्याच आईला मारायला! तिथे मी पुस्तक मिटलं.

अडलंय ते टेसीपाशी, म्हणजे डेव्हीच्या या आईपाशी. "हा अन्याय आहे" असं ती ओरडते, पण चिठ्ठी स्वतःच्या घरावर आल्यावरच. त्याआधी हसत-बोलत आलेली असते. उलट लग्न झालेल्या मुलीलाही चिठ्ठी काढायला लावा म्हणते. मला तिची दया येते, रागही येतो. तिचा विरोध प्रथेला आहे की फक्त स्वतःच्या मरणाला? तुम्ही कसं वाचलंत, कृपया सांगा.