मदत हवी आहे: कमी पाण्यात, कमी विजेत चालणारं वॉशिंग मशीन

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरचे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हापासून घरात बादली मोजूनच पाणी वापरतो. जुनं सेमी-ऑटोमॅटिक आता खालून गळतंय. फ्रंट लोडला टॉप लोडपेक्षा बरंच कमी पाणी लागतं, म्हणून तेच घ्यावंसं वाटतं. पण टाकी जेमतेम सात-आठ फुटांवर, नळाची धार करंगळीएवढी. एवढ्या दाबावर मशीन भरेल का? शिवाय पाणी बोअरचं, जड; बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. मशीनमधल्या पाणी तापवणाऱ्या हीटरवर क्षार बसला तर? वीज तर सगळ्यात जास्त पाणी तापवण्यातच जाते. गार पाण्यात कपडे स्वच्छ निघतात का? माणसं पाच, आईची नऊवारी रोजची. ७ किलोचं पुरेल का? वापरणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा.