पाक चोय भरायच्या आधीच फुलते, काय करावं?

कुंडीप्रेमी
पाक चोयची (मोहरी-कोबीच्या कुळातली चिनी पालेभाजी) रोपं पाच-सहा पानांची झाली की मधूनच फुलांचा दांडा वर येतोय. पानांवर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकंही आहेत. बी ट्रेमध्ये पेरून महिनाभराने २० सेमी खोल कुंड्यांत लावलं होतं. वाण बदलू की पद्धत? आणि मिझुना, तात्सोई, कोमात्सुना, चिनी कोबी या तिच्याच कुळातल्या पालेभाज्यांतलं सोपं काय?

वाफेकरी
आधी पद्धत बदला. ट्रेमध्ये महिना म्हणजे फार झालं. छोट्या कप्प्यात मुळं गोल गोल फिरतात, वाढ अडते आणि अडलेलं रोप फुलायच्या मागे लागतं. दुसरं कारण हवामान. कोवळेपणी आठवडाभर १० अंशांच्या आसपास थंडी बसली आणि पुढे दिवस मोठे, उबदार होत गेले, की दांडा आलाच म्हणून समजा. त्यामुळे दिवस लहान होत जातात तेव्हा पेरा. १५ ते २० अंश तापमान हिला मानवतं.

बी थेट कुंडीत १ सेमी खोल टाका, ४ ते ७ दिवसांत उगवतं. पूर्ण वाढू द्यायची तर दोन रोपांत १८-२० सेमी, कोवळी काढायची तर ८-१० सेमी अंतर. विरळणी कात्रीने करा. उपटलं की शेजारच्याची मुळं हलतात. ट्रेच वापरायचा असेल तर ३ आठवड्यांच्या आत, मुळांभोवतीची माती न फोडता लावा.

दांडा आलेली रोपं आता भरणार नाहीत, शेंडा खुडूनही नाही. कळ्यांसकट कापून भाजीत टाका.

हिरवा_देठ
भोकं पिसू भुंगेऱ्यांची. पानाला हात लावल्यावर काळे चकचकीत ठिपके टुणकन उडतात ना, तेच. कोरडी माती आणि ऊन मिळालं की ते माजतात. भरवशाचा उपाय म्हणजे पेरणीच्याच दिवशी ०.८ मिमी किंवा त्याहून बारीक कीटकजाळी, कडा नीट दाबून. भोकं दिसल्यावर जाळी घालण्याला अर्थ नाही.

पण त्याच मातीत आधी मुळा, मोहरी किंवा कोबी झाला असेल, तर भुंगेरे मातीतूनच वर येतात आणि जाळीच्या आत कोंडून आरामात जेवतात. अशा कुंडीची माती बदला.

कुंडीप्रेमी
माती मुळ्याचीच होती! पाणी रोज द्यायचं का?

वाफेकरी
रोज असा नेम नको. मुळं वरवर असतात, म्हणून बोट २ सेमी खुपसून बघा. कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत द्या. एकदा सुकवून मग भरपूर ओतणं सर्वांत वाईट, देठ तडकतात. नवी माती भरताना ३ भाग मातीला १ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत पुरे. नत्राचा मारा केलात तर पानं लुसलुशीत होतील, पण मावाही येईल.

हिरवा_देठ
सोपी मिझुना. ३ सेमी बुडखा ठेवून कापली की पुन्हा फुटते. कोमात्सुना ऊन त्यातल्या त्यात सोसते, तात्सोई थंडीतली. चिनी कोबी कुंडीत नकोच: एका गड्ड्याला ३०-४० सेमी जागा आणि दोन-अडीच महिने, शिवाय पाणी मागेपुढे झालं की आतल्या पानांच्या कडा करपतात. मिझुनाही एकदम पेरू नका, दर दोन आठवड्यांनी चिमूटभर बी टाका.